उजव्या अंगाची जागा

ऋतिक अंगणात आला तेव्हा इंदूबाई तुरीच्या ओल्या शेंगा सोलत बसली होती. ऋतिक म्हणजे बबनरावांचा नातू. यवतमाळला कॉलेज करून परत आला होता आणि गावात बसून नेमकं काय करतो ते कोणालाच सांगता येत नव्हतं. पण यंदा त्याला काम सापडलं होतं. बैलांच्या शर्यतींवरची बंदी उठल्यावर उमरडोहला पहिल्यांदाच शंकरपट भरणार होता. बबनराव पटाच्या कमिटीचे अध्यक्ष होते आणि गावोगाव पटाचा गाजावाजा करायचं काम त्यांनी नातवावर टाकलं होतं. घाटंजीच्या बाजारात बॅनर लागलं होतं. भोंगा बांधलेला ऑटो आसपासच्या खेड्यांत फिरत होता. तरी ऋतिकचं समाधान होत नव्हतं.

"जयभीम आजी. एक काम होतं तुमच्याकडे."

"बस ना बापा. शेंगा खातं का?"

"खातो. पण पह्यले तुमचा व्हिडिओ काढू."

"माया?" इंदूबाई हसली. "समोरचे दोन दात गेले माये. मले पाहून कोण येईन तुया पटाले?"

"दाताचं काही नाई, आजी, आवाज पाह्यजे. आमचे आबाजी म्हणे, गोविंदाबाबा पटाचा पुकारा करत ना, तो तुमाले पाठ हाय."

इंदूबाईने शेंगांचं सूप बाजूला सरकवलं. नवऱ्याचं नाव परक्या तोंडून ऐकून किती दिवस झाले होते. घरात त्याचं नाव घेणारं कोणी नव्हतंच. ती उठली, तोंड धुतलं, धुतलेलं लुगडं नेसून आली. ऋतिकने तिला कडुनिंबाखाली उभं केलं आणि मोबाइल समोर धरला.

"बोला आता. पण थोडक्यात बोलजा."

आणि इंदूबाई बोलली. सुरुवातीला आवाज चिरकला, मग कुठून कोण जाणे, गोविंदाची ती ओढून म्हणायची लकब तिच्या गळ्यात आली.

"या हो या, पटाले या! आर्णीवाले या, ढाणकीवाले या, पांढरकवड्यावाले या! जोडी घेऊन या, लेकरंबाळं घेऊन या. आणि मुक्कामाले या बरं! माया अंगणात दोन खुंटे हायेत, कडबा हाय, विहिरीचं पाणी हाय. भाकरी मी टाकीन. घाई करू नोका, मुक्कामाले या!"

ऋतिकने मोबाइल खाली केला. "आजी, काटा आला अंगावर!" म्हणाला, आणि मूठभर शेंगा घेऊन गेला.

इंदूबाई कडुनिंबाखाली तशीच उभी राहिली. बोलून तर बसली, पण अंगणात खुंटे कुठे आहेत? होते ते वाळवीने खाऊन किती वर्षं झाली.

*

आता ज्यांनी जुना पट पाहिला नाही त्यांना सांगितलं तरी खरं वाटत नाही. खेळ म्हटला तर एवढासा. मातीची सरळ आखलेली वाट, तिला दाण म्हणायचं. तिच्यावर शेजारी शेजारी दोन हलक्या गाड्या, एकेका गाडीला एक जोडी आणि वर हाकणारा एक धुरकरी. झेंडी पडली की सुटायचं, आणि बघणाऱ्याने तोंड उघडून मिटेपर्यंत खेळ खलास. पण त्या पापणीभर खेळासाठी लोक दोन-दोन दिवस चालत येत. माहेरवाशिणी येत, व्याही येत. आणि जोड्या तर संक्रांत झाली की एका पटावरून दुसऱ्या पटावर फिरतच राहत.

त्या जोड्या उतरवायची गावाची एक रीत होती. पटाच्या आधी कमिटी बसे आणि कोणत्या गावची जोडी कोणाच्या गुरांच्या कोठ्यात बांधायची ते ठरवे. ज्याच्या घरी जोडी उतरे त्याने बैलांना कडबा आणि सरकीची ढेप, म्हणजे पेंड, घालायची, धुरकऱ्याला जेवू घालायचं. त्या दिवसांत माणसाची ओळखच तशी होई. हा आर्णीवाल्या जोडीचा घरधनी, तो महागाववाल्या जोडीचा. ती जोडी जिंकली की गुलाल घरधन्याच्याही अंगावर पडे.

बौद्ध वस्तीत मात्र जोडी कधी उतरत नसे. कोणी तसं बोलून दाखवत नसे. ठरवताना ती आळी नजरेतून सुटून जाई, इतकंच.

गोविंदाच्या वडिलांनी धम्म घेतला त्या वर्षी घरातलं डफडं खाली उतरवलं आणि गावाला सांगितलं, यापुढे आमी दवंडी देणार नाई. त्यानंतर काही वर्षं पटाचा पुकारा कोणी करायचा हाच प्रश्न होता. मग गावात लाउडस्पीकर आला. गोविंदा मॅट्रिक झालेला, आवाज असा की नदीपल्याड ऐकू जावा. कमिटीची माणसं त्याला विचारायला आली तेव्हा तो म्हणाला, "बोलतो. पण मंडपात खुर्ची पाह्यजे आणि माइक माया हातात पाह्यजे. चपला काढून कोपऱ्यात उभा राह्यणार नाई." बबनरावांचे वडील, विठ्ठलराव, तेव्हा कमिटीचे मुख्य होते. ते बराच वेळ सुपारी चघळत राहिले आणि मग म्हणाले, "दे बापा त्याले खुर्ची."

तेव्हापासून गोविंदा जीपमध्ये बसून बाजारोबाजार पटाचा पुकारा करी. आणि पटाच्या दिवशी मंडपात खुर्चीवर.

त्याच खुर्चीवरून त्याने एकदा ती हाक मारली. आर्णीकडच्या तांड्यावरचा भावसिंग उशिरा पोचला होता. वाटेत गाडीचं चाक गेलं होतं. गावातले सगळे कोठे भरलेले. भावसिंग दोन्ही कासरे हातात धरून मैदानात उभा, बैल धापा टाकताहेत आणि कमिटी एकमेकांकडे पाहते आहे. गोविंदाने सरळ माइकमध्ये सांगितलं, "आर्णीची जोडी गोविंदाच्या अंगणात उतरून राह्यली हो!"

सगळे भावसिंगकडे बघायला लागले. तो खांद्यावरचा शेला झटकत म्हणाला, "पाणी हाय ना तिथं?"

"हाय."

"मंग चाल ना बे, बैल तहानले."

त्या दिवशी इंदूबाईने नव्या नवरीच्या हाताने पहिल्यांदा परक्या बैलांपुढे घमेलं ठेवलं. दुसऱ्या वर्षी भावसिंग कमिटीकडे गेलाच नाही, थेट तिच्या अंगणात आला. मग दर वर्षी येत राहिला. बैल बदलले, धुरकरी बदलले, तिचा संघदीप जन्मला, मोठा झाला, पण संक्रांत सरली की गळ्यातल्या घुंगरांचा आवाज गल्लीच्या तोंडाशी यायचा आणि भावसिंग लांबूनच ओरडायचा, "याडी, पाणी ठेव वं!" याडी म्हणजे आई. वयाने तो तिच्याहून मोठा, पण त्यांच्या बोलीत बाईमाणसाला मान द्यायचा तो असाच.

मग बंदी आली. पहिल्या वर्षी लोक म्हणाले, यंदा नाही तर पुढच्या वर्षी. दुसऱ्या वर्षी कोणी काही म्हणालं नाही. बंदीतच गोविंदा गेला. संघदीप आधीच रांजणगावला कंपनीत लागला होता. तिथेच त्याचं लग्न, तिथेच खोली. आणि संक्रांतीनंतरचे ते दिवस इतर दिवसांसारखे होऊन गेले.

*

"मोठीमाय, खरंच खुंटे गाडून राह्यली तू?" शेजारची साधना कमरेवर हात ठेवून विचारत होती. ती गावची आशाताई. तिच्या पिशवीत गोळ्या, हातात मोबाइल, आणि तोंडात सगळ्या गावाची खबर.

"मंग? बोलली ना मी. आले लोक तर बांधतीन कुठी, माया पायाले?"

"येऊन राह्यले लोक! एकदम फेमस झाली तू. माया भावानं वर्ध्याहून पाह्यलं तुले."

इंदूबाईच्या साध्या मोबाइलवर व्हिडिओ दिसत नव्हता. पण गावातून जाताना पोरं "या हो या!" म्हणून हाक मारायची, किराणा दुकानदाराने चहापत्ती देताना "मुंबईले चालली का आता पिच्चरमध्ये?" म्हणून टोमणा मारला. तिला आतून बरं वाटत होतं. एवढ्या लोकांनी पाहिलं, म्हणजे आर्णीकडेही कोणीतरी पाहिलंच असेल.

संघदीपचाही फोन आला. "आई, पाह्यला तुया व्हिडिओ. तुया सुनेनं सगळ्यायले दाखवला. जोरात बोलली तू."

"मंग येतं ना पटाले? सूनबाईले घेऊन ये. दोन दिवस मुक्काम करजो."

तिकडून मशीनचा आवाज येत राहिला. "आई, सुट्टीचं काही खरं नाई इथं. पाहतो मी."

पाहतो म्हणजे काय ते तिला ठाऊक होतं. तिने जास्त ताणलं नाही.

कडबा मिळवायला मात्र तिला फार फिरावं लागलं. पूर्वी उमरडोहला घरोघर ज्वारी होती, कडब्याच्या गंज्या घराहून उंच असायच्या. आता सगळं सोयाबीन आणि कपाशी. शेवटी नदीपल्याड उकंडा कोलामाकडे थोडी ज्वारी पेरलेली होती, त्याने चार पेंढ्या दिल्या आणि डोक्यावर घेऊन स्वतः पोचवल्या. "बैल कुठी हाय, बाई?" तो पेंढ्या टाकत म्हणाला. "येऊन राह्यले," ती म्हणाली.

तिने अंगण सारवलं. बाभळीचे दोन खुंटे आणून कडुनिंबाच्या सावलीत, जिथे जुने होते तिथेच, शेजारी शेजारी गाडले. पटाच्या आदल्या दिवशी दुपारीच सरकीची ढेप भिजत घातली, कारण भावसिंगचे बैल तसेच खायचे, मऊ झाल्याशिवाय तोंड लावत नसत. ज्वारीचं पीठ दळून आणलं, हिरव्या मिरच्यांचा ठेचा केला. आणि दुपार कलल्यावर दारात बसली.

गल्लीच्या तोंडाशी पाहुण्यांची वर्दळ नव्हती. ऑटो एकदा भोंगा वाजवत गेला. संध्याकाळी बकऱ्या परतल्या. जोडी आली नाही. एकही आली नाही, कोणाकडेच नाही, पण हे तिला कसं कळणार? तिला वाटलं, वस्तीकडे वळायचं राहून गेलं असेल. जुनी रीत पुन्हा सुरू झाली असेल.

*

सकाळी मैदानावर गेली तेव्हा तिला उलगडा झाला. एका ओळीने पिकअप गाड्या उभ्या होत्या. एकेकीच्या हौद्यात बैलांची जोडी, खाली गवताचा थर, वर ताडपत्री. पहाटे निघायचं, सकाळी पोचायचं, धावायचं, अंधाराच्या आत घरी. बैलांचं पाणी ड्रममध्ये, ढेप पोत्यात, माणसांचे डबे सोबत. कोणाला कोणाच्या अंगणाची गरजच उरली नव्हती.

गर्दी मात्र अफाट होती. ऋतिक गळ्यात पास अडकवून इकडून तिकडे पळत होता. त्याने इंदूबाईला पाहिलं आणि गर्दीतून हाताला धरून मंडपाशी नेलं. "हे पाह्य, आपली या-हो-या आजी!" पोरी तिच्याशेजारी उभ्या राहून फोटो काढू लागल्या. एकीने विचारलं, "आजी, परत म्हणा ना, या हो या." इंदूबाईने म्हटलं. सगळ्या खळखळून हसल्या आणि निघून गेल्या.

मग ती साधनाजवळ जाऊन बसली. "दाखव वं तो व्हिडिओ मले. मी पाह्यलाच नाई अजून."

साधनाने लावून दिला. छोट्याशा चौकोनात कडुनिंब दिसला, त्याखाली एक वाकलेली म्हातारी. मागे कसलंतरी ढँगढँग संगीत. म्हातारी म्हणाली, या हो या, पटाले या, आर्णीवाले या, ढाणकीवाले या, पांढरकवड्यावाले या. मग एकदम बैल धावले, धूळ उडाली, पटाची तारीख आली, बक्षिसाच्या मोटारसायकलचं चित्र आलं. आणि म्हातारी पुन्हा पहिल्यापासून, या हो या.

"पुढचं?"

"एवढाच हाय, मोठीमाय."

"मुक्कामाचं कुठी हाय? खुंटे हायेत म्हटलं, भाकरी टाकीन म्हटलं मी."

साधनाने पुन्हा लावून पाहिला. इंदूबाईने स्वतःचं तोंड पाहिलं. 'जोडी घेऊन' म्हणायला उघडलेलं तोंड, आणि तिथेच धूळ.

ऋतिक जवळून जात होता. तिने त्याला हाक मारली. "ऋतिक, माया बोलण्यातलं मुक्कामाचं कायले काढून टाकलं बापा?"

तो थांबला. त्याला आठवायला थोडा वेळ लागला. "अच्छा, ते? आजी, रील छोटीच असते. लंबी केली की लोक पाहतच नाई, बोटानं सरकवते पुढं." मग तिचा चेहरा पाहून जरा मऊ झाला. "आणि आजी, मुक्काम कोण करते आता? दिवसाचंच काम हाय."

"पण मी तेच सांगाले उभी राह्यली होती."

"तुमच्याचमुळं तर एवढे लोक आले, आजी!" तो म्हणाला, आणि कोणीतरी बोलावलं म्हणून पळाला.

इंदूबाई जमिनीकडे पाहत बसली. म्हणजे गावोगाव फिरला तो नुसता तिचा चेहरा. तिचं सांगणं इथेच, कडुनिंबाखाली राहिलं होतं. संघदीपने तरी व्हिडिओत ते कुठून ऐकलं असणार? उठून घरी जावं असं तिला वाटलं. घरी भिजलेली ढेप होती, ती तशीच वाया जाणार होती.

तेवढ्यात मंडपातून नाव आलं. माइकवर आता यवतमाळहून बोलावलेला कोणी होता, हिंदी-मराठी मिसळून बोलणारा. "अगली जोडी, आर्णी तांडा, मालक लखन, भावसिंग यांचे नातू!"

ती उभीच राहिली.

जोडी पांढरी, शिंगं आत वळलेली, अगदी भावसिंगला आवडायची तशी. झेंडी पडली. इंदूबाईला धूळ दिसली आणि धुळीतून दोन पाठी एकसारख्या वर-खाली होताना दिसल्या. लोक ओरडले. जोडीने दाण मारली, रेषा ओलांडली, आणि पलीकडे, जिथे वेग आवरायचा असतो तिथल्या भुसभुशीत मातीत डावीकडच्या बैलाचा पुढचा पाय गेला. तो गुडघ्यावर बसला. उजवीकडच्याने दोन पावलं त्याला ओढलं आणि मग तोही थांबला.

*

जनावरांचे डॉक्टर मैदानावर होतेच. त्यांनी पाय दाबून पाहिला, इंजेक्शन दिलं. "हाड शाबूत हाय. मुरगळला हाय जोरात. पण आज गाडीत चढवू नका. रस्त्याचे धक्के बसले तर पाय कायमचा जाईन. काही दिवस एका जागी ठेवा."

"इथं कुठी ठेवू, साहेब?" लखन म्हणाला. पंचविशीचा पोरगा, घामाने निथळलेला, डोळे लाल. "मले पेट्रोल पंपावर सकाळची ड्यूटी हाय. गाडीबी भाड्याची हाय."

बबनराव आले, कमिटीची माणसं आली. सगळे गोल करून उभे राहिले. कोणाच्या कोठ्यात बांधायचा? बबनरावांच्या कोठ्यात आता ट्रॅक्टर होता. दुसऱ्याने कोठा पाडून पोरासाठी खोली काढली होती. तिसऱ्याकडे जागा होती, पण कडब्याची काडी नव्हती, आणि बैलाचं करणारं माणूसही नव्हतं. पटाचं गाव, हजारो माणसं जमलेली, आणि एक बैल बांधायला खुंटा नव्हता. सगळे एकमेकांकडे बघत राहिले. इंदूबाईने हे बघणं ओळखलं. असंच एकदा पूर्वी पाहिलं होतं, फक्त त्या वेळी कोठे भरलेले होते.

"बबनभाऊ," ती म्हणाली, "माया अंगणात खुंटे हायेत. ढेप भिजून हाय."

बबनराव वळले. त्यांनाही तो दिवस आठवला की काय, कोण जाणे. "जमून जाईन का तुमाले, इंदूबाई?" एवढंच विचारलं.

"न जमाले काय झालं? आर्णीची जोडी मायाच घरची हाय."

बैल लंगडत, थांबत तिच्या अंगणापर्यंत आला. लखन त्याला डाव्या खुंट्याशी बांधत होता तेव्हा इंदूबाईने विचारलं, "भावसिंगभाऊ कसे हायेत?"

"आबा? आबा गेला ना. बंदीतच. बैल विकले आन् मंग खाटेवरून उठलाच नाई."

इंदूबाईने पदर तोंडाशी नेला. मग म्हणाली, "तुया आबाची जोडी दर साली इथंच उतरे, बाबू. याच खुंट्याले. कधी सांगे का तो, उमरडोहचं?"

लखनने आठवून पाहिलं. खोटं बोलायचं त्याच्या जिभेवर आलं असावं, पण ते त्याने गिळलं. "मी लहान होतो, आजी. ध्यानात नाई माया."

"असू दे. जेवून जाय. भाकर टाकतो मी, ठेचा हाय."

गल्लीच्या तोंडाशी पिकअपवाल्याने हॉर्न दाबला. "नाई आजी, तो थांबत नाई. रात्री घाटातनं जायाले भेतो तो." लखनने नंबर दिला, तिचा घेतला, तिच्या पाया पडला.

"दुसऱ्यालेबी ठेवून जाय ना इथं."

"दोघायचं तुमाले जमणार नाई, आजी. तुमी एकल्या." तो निघाला, आणि पिकअपकडून दुसऱ्या बैलाचं हंबरणं ऐकू आलं. अंगणातल्या बैलाने मान वर केली, कान टवकारले. गाडी सुरू झाली. हंबरणं मैदानाच्या बाजूने गेलं, मग पुलावर, मग ऐकू येईनासं झालं. बैल बराच वेळ तिकडेच तोंड करून उभा राहिला.

इंदूबाईने ढेपेचं घमेलं पुढे ठेवलं. त्याने वास घेतला, तोंड लावलं नाही. कडब्याची पेंढी सोडून टाकली. तशीच. तिने पाठीवरून हात फिरवला, "खाय राजा, खाय," म्हटलं. बैलाने डोळे मिटले. दिवस मावळला. तिने स्वतःसाठी थापलेली भाकरीही तशीच परातीत राहिली. एकटीने काय खायचं, असं तिला रोजच वाटे. आज जास्त वाटलं.

*

उजाडताना ती अंगणात आली. घमेलं भरलेलंच होतं. आणि तेव्हा तिला एक गोष्ट दिसली. दावं लांब होतं, बैलाला अंगणभर हलता आलं असतं, पण तो खुंट्याच्या डाव्या बाजूला, अंगणाच्या पार कडेला उभा होता. उजवीकडे एका बैलापुरती जागा सोडून. घमेलं तिने त्याच्या तोंडासमोर मधोमध ठेवलं होतं, तरी तो मान डावीकडूनच घालत होता आणि पुन्हा काढत होता, जणू पलीकडून कोणी तोंड घालायची वाट पाहत होता.

तिला भावसिंगचं बोलणं आठवलं. कितीतरी वर्षांपूर्वी ती गंमत म्हणून बैलांच्या जागा बदलून बांधायला निघाली होती, तेव्हा तो धावत आला होता. "नाई नाई, याडी! डाव्या अंगाचा बैल डाव्या अंगालेच बांधा लागते. त्याची उजवी बाजू उघडी पडली का तो जीव सोडते." तिला तेव्हा हसू आलं होतं.

इंदूबाई घरात गेली. खाटेवरची सतरंजी काढायला लागली आणि मध्येच थांबली. खाट रुंद होती, दोघांची. गोविंदा जाऊन इतकी वर्षं झाली, पण सतरंजीला एका कडेलाच सुरकुत्या होत्या, भिंतीकडच्या. दुसरी बाजू इस्त्री केल्यासारखी. हे तिला आजच दिसलं.

सतरंजी घेऊन ती बाहेर आली. बैलाच्या उजव्या अंगाला, त्याने सोडलेल्या जागेत, ती अंथरली आणि खाली बसली. खांदा त्याच्या पोटाला टेकेल इतकी जवळ. बैलाचं अंग एकदा थरथरलं. मग तो थोडा, अगदी थोडा, तिच्याकडे सरकला. घमेलं तिने स्वतःच्या मांडीजवळ ओढलं, एक हात ढेपेत घातला आणि उगाच चाळवत राहिली, तोंड घातल्यासारखी. रात्रीची भाकरी वर ठेचा ठेवून पदराच्या टोकात घेऊन आली होती, ती मोडली आणि ठेच्याला लावून खाऊ लागली.

बऱ्याच वेळाने डावीकडून मान खाली आली. आधी जीभ, मग पूर्ण तोंड. घमेल्यात चपचप आवाज व्हायला लागला.

कमरेला खोचलेला फोन वाजला. लखन होता.

"आजी, खाल्लं का त्यानं?"

"खाऊन राह्यला, बाबू."

"इथं दुसरा तर पाण्यालेबी तोंड लावून नाई राह्यला. रातभर ओरडून राह्यला होता." तो घुटमळला. "आजी, ड्यूटी झाली का दुपारी गाडी करून त्याले आणून सोडू का? पाय बरा होऊस्तोवर दोघंबी राह्यतीन तुमच्याकडे. कडबा घेऊन येतो मी. मीबी थांबतो आज रातच्याले, जमलं तर."

इंदूबाईने उजवीकडच्या रिकाम्या खुंट्याकडे पाहिलं. बसल्या जागेवरून हात लांबवून तो हलवून पाहिला. पक्का होता.

"घेऊन ये," ती म्हणाली. "किती जणांच्या भाकरी टाकू?"

तिकडे गाडीत पेट्रोल भरायला कोणीतरी आलं असावं, फोन बंद झाला. आणायचं म्हणजे दुपार होणार, कदाचित संध्याकाळ. तोवर ती जागा तिचीच होती. बैल खात होता. इंदूबाईने पाठ त्याच्या कुशीला नीट टेकवली आणि भाकरीचा दुसरा तुकडा मोडला.